थोरला, धाकटा आणि आमच्या बाई

डोंबिवलीला खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगारही विचारला नाही. दाराची साखळी न काढता फटीतून एक डोळा बाहेर आला आणि प्रश्न आला, "काय शिजतंय?"

मी म्हटलं, "कुठे?"

"माझ्या घरात. तुझ्या घरातलं मला काय करायचंय?"

जिने चढून मला धाप लागलेली. नाकात जे शिरलं ते सांगून टाकलं, "कुळथाचं पिठलं. लसूण जरा जास्त पडलीय."

"जास्त म्हणजे करपलीय?"

"नाही हो. करपली नाही, नुसती जास्त आहे."

साखळी निघाली. "मला आवडते जास्त. ये. चपला बाहेर." झाला माझा इंटरव्ह्यू. माझ्या आधी दोघीतिघी येऊन गेलेल्या, असं मागाहून कळलं. एकीने "इश्श, मला काय माहीत" म्हटलं, दुसरीने "छान वास येतोय हं काकू" असं लोणी लावलं. दोघींना दारातूनच वाटेला लावलं होतं. मला वाटलं, म्हातारी जरा सटकलेली दिसते, पण खोलीला खिडकी आहे आणि नळाला पाणी आहे. मी कोकणातून ठाण्याला एका कंपनीत टायपिस्ट म्हणून आलेले. ठाण्यात राहणं परवडणारं नव्हतं आणि ऐंशीच्या दशकात डोंबिवलीत नळाला पाणी ही काही लहान गोष्ट नव्हती. सटकलेली तर सटकलेली.

बाई कल्याणच्या मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालेल्या. उंची बेताची, आवाज मात्र मैदानाच्या मापाचा. तो दोन खोल्यांत मावायचा नाही. सकाळी मला "ऊठ" म्हणाल्या की शेजारच्या बिऱ्हाडातलं तान्हं बाळही उठायचं. नवरा कधीच वारलेला. एकुलता एक मुलगा ठाण्याच्या बाळकुमला ब्लॉक घेऊन बायकोबरोबर राहायचा. शाळेची शिट्टी बाईंनी शाळेला परत केली नव्हती. ती स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असायची.

"जन्मभर शिट्टी वाजवायचा अधिकार एकट्या माझा होता," त्या म्हणायच्या. "म्हातारपणी तो कुकरला द्यावा लागला. मेला तीनच वाजवतो, पण रुबाब बघ!"

आणि मग ती शेगडी. दोन बर्नरची, साधीच. मोठ्या बर्नरचं नाव थोरला, छोट्याचं धाकटा. पहिल्याच दिवशी मला ओट्यासमोर उभं करून त्या दोघांची ओळख करून दिली गेली. मी नमस्कार करायचीच बाकी राहिले होते.

"थोरला तापट आहे," बाई म्हणाल्या. "त्याला ढोरमेहनतीची कामं द्यायची. कुकर, भाकरीचा तवा, आंघोळीचं पाणी. त्याच्याकडे दूध दिलंस तर तो ते उतू घालवणार आणि वर तुझ्याकडेच बघणार. धाकटा समजूतदार. दूध, खीर, पुरण, फोडणी, तूप, ज्याला ज्याला चिडवायचं नाही ते सगळं धाकट्याकडे."

"आणि चहा?"

"किती कप?"

"दोन."

"मग धाकटा."

"आणि पाहुणे आले तर?"

"ते पाहुणे किती वेळ बसावेत असं वाटतं त्यावर आहे. लवकर कटवायचे असतील तर थोरला."

ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर आलेली त्यांना खपायची नाही. छोटं पातेलं थोरल्यावर ठेवून मी गॅस मोठा केला की मागून आवाज यायचा, "पातेलं तापवतेयस की डोंबिवली? डोंबिवली आधीच तापलेली आहे!" भाकरी मात्र थोरल्यावरच, आणि तीही पाणी सुकेपर्यंत मध्यम आणि मग तवा उतरवून थेट मोठ्या जाळावर. त्या वेळी बाई भाकरीला "सावधान!" म्हणायच्या. भाकरी टम्म फुगायची. मी म्हटलं तर फुगायची नाही, हे मी पुष्कळदा करून बघितलं.

वांगं भाजायला बसलो की घरात युद्धाची तयारी. वांग्याचं पाणी बर्नरच्या भोकांत गळतं, मग ज्योत पिवळी पडते, मग पातेल्यांची बुडं काळी होतात. म्हणून वांगं थोरल्यावर, खाली जाळी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पितळी बर्नर काढून चिंचेच्या कोळात. मग सुई घेऊन एकेक भोक मोकळं करत बसायचं. हे काम त्या मला करू द्यायच्या नाहीत. "मुलांचे कान आईनेच साफ करायचे असतात," म्हणायच्या.

या बर्नरच्या वेडापायी आमची बिल्डिंगमध्ये लाज गेलेली. तळमजल्यावरचे एक आजोबा वारले, आम्ही भेटायला गेलो. बाहेर बायका रडतायत, भटजी यायचेत, आणि बाई गायब. बघते तर आत स्वयंपाकघरात पदर खोचून त्यांच्या शेगडीचे बर्नर उपटतायत.

मी कुजबुजले, "बाई, अहो काय करताय!"

"आजोबांचं आता कोणाला काही करता येणार नाही," बाई नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. "हा बर्नर तरी वाचवू या. किती पिवळा जळतोय बघ."

बाहेरचं रडणं क्षणभर थांबलं. नंतर त्या घरच्या सुनेने मला जिन्यात गाठून सांगितलं की ज्योत निळी झाली खरी, थँक्यू सांगा. मी मान खाली घालून वर पळाले.

आणखी एक खोड म्हणजे काडेपेटी. घरोघरी लायटर आले तरी बाईंकडे काडीच. आधी काडी पेटवायची, ती बर्नरजवळ धरायची आणि मगच बटण फिरवायचं. उलटं केलं की हातावर फटका. खिडकी थंडीतही उघडी. चहा झाला की रेग्युलेटर बंद. चहानंतर लगेच पोहे करायचे असले तरी मध्ये रेग्युलेटर बंद करून परत चालू. मी वैतागायचे. माझी नऊची वेळ, आणि या घरात गॅस पेटवणं म्हणजे झेंडावंदन!

पण सगळ्यात डोकं फिरायचं ते संध्याकाळी. ठाण्याहून आंबून यावं, चप्पल काढायच्या आत प्रश्न, "काय शिजतंय?" रोज. नुसतं "आमटी" म्हणून सुटका नाही. आमटी कसली, फोडणीत मेथी आहे की जिरं, गूळ घातलाय का, कोकम की चिंच, कोथिंबीर आत्ता घातलीय की मघाशी. दुधाचं पातेलं माझ्या नाकाखाली धरून, "सांग, कसं आहे?" तांदळाचा डबा उघडून, "हुंग." मला वाटायचं म्हातारीला कौतुक हवंय. एकदा मी चिडून म्हटलं, "बाई, तुम्हीच केलंय ना? मग मला काय विचारता?"

"तू सांग. नीट सांग. घाई करू नको."

मग मी सांगायचे. हळूहळू मला सवयच लागली. जिना चढतानाच मी मनात शब्द जुळवायला लागले. बाई डोळे मिटून ऐकायच्या. ऑफिसात कोणी मला एवढं लक्ष देऊन ऐकत नव्हतं, हेही खरंच.

ते नवरात्रातले दिवस. समोरच्या मैदानात मंडळाने दोन्ही बाजूंना भलेमोठे कर्णे लावलेले. दुपारपासून गाणी. खिडकीच्या काचा थरथरायच्या. मी त्या दिवशी ऑफिसातून जरा लवकर सुटलेले. जिन्यातच नाकात भपकारा आला. गॅसचा. मी उरलेला जिना कसा चढले मला आठवत नाही. दार उघडंच होतं. बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात शेगडीकडे पाठ करून मेथी निवडत होत्या. धाकट्यावर दूध उतू गेलेलं, त्याने ज्योत विझलेली, बटण चालूच. आणि दिवेलागण झाली म्हणून बाई उठल्या, देवापुढचं निरांजन लावायला हातात काडेपेटी घेतली.

मी झडपच घातली. काडेपेटी हिसकावून खिडकीबाहेर फेकली, रेग्युलेटर बंद केला, दारंखिडक्या सताड उघडल्या. मी ओरडले, "बाई! वास येत नाही का तुम्हाला?"

"कसला?" बाई म्हणाल्या. आणि लगेच सावरून, "येतोय की! तुझी परीक्षा बघत होते."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या दुधाच्या पातेल्याकडे बघत होत्या. समोर कर्ण्यावर कोणीतरी "हॅलो माइक टेस्टिंग" करत होतं. मला सगळं एकदम उमजलं, दारातला तो पहिला प्रश्नसुद्धा.

"कधीपासून?" मी विचारलं.

बाई मटकन पाटावर बसल्या. मैदानाच्या मापाचा तो आवाज इतका बारीक झालेला मी तोवर ऐकला नव्हता. "रिटायर झाले त्या वर्षी ताप आलेला. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. आता हे नुसतं शोभेला आहे, चष्मा अडकवायला. तिखट, मीठ, आंबट, गोड कळतं. बाकी सगळी शाडूची माती."

"मग स्वयंपाक कसा करता?"

"कानाने," त्या म्हणाल्या. "धाकटा विझला की त्याची भिरभिर बंद होते, ती मला बाहेरच्या खोलीत कळते. दूध वर येण्याआधी गप्प होतं. डाळ तळाला लागायच्या आधी आवाज जाड होतो. थोरला तर गाढव आहे, सारखा ओरडत असतो. पण या मेल्यांनी कर्णे लावले ना! कानच बंद केले माझे." आणि मग नाक पुसत, "मुलाला सांगू नकोस. तो टपलेलाच आहे. मागे एक पातेलं जळलं तेव्हा म्हणाला, आई, आता पुन्हा असं झालं तर शेगडी काढून टाकू, घर विकू आणि तू बाळकुमला ये. चांगला आहे गं तो. पण तिथे जाऊन मी काय करू? सुनेच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलू?"

मी म्हटलं, नाही सांगणार. मग त्या जे बोलल्या ते मला अजून आठवतं. म्हणाल्या, "तू संध्याकाळी सांगतेस ना, तेव्हा मला जेवल्यासारखं वाटतं. नुसती राखण करायला ठेवली नाही मी तुला." मला रडू आलं. मी सरळ रडले. बाई म्हणाल्या, "पुरे. आधी बर्नर धुवू, दूध आत गेलंय."

त्यानंतर आम्ही अधिकृतपणे कट केला. मुलगा आणि सून महिन्यातून एखाद्या रविवारी जेवायला यायचे. त्यांच्यासमोर तर मी "बाई, करपतंय" म्हणू शकत नव्हते. म्हणून खुणा ठरल्या. "साहेब रजेवर आहेत" म्हणजे सगळं ठीक. "साहेब आले" म्हणजे काहीतरी लागतंय. "साहेब भडकले" म्हणजे गॅसचा वास, पळा. माझे खरे साहेब बिचारे पापभीरू, कपबशी फुटली तरी स्वतः माफी मागणारे. पण बाळकुमच्या लोकांना ते महाभयंकर आहेत असं वाटायला लागलं. मुलगा मला दर वेळी कळवळून विचारायचा, "नोकरी बदलत का नाही तुम्ही?"

आणि मग तो रविवार. मुलाने आधीच निरोप धाडलेला की जेवणानंतर महत्त्वाचं बोलायचंय. म्हणजे घर विकायचं, हे बाईंना कळलं. त्यांनी बेत ठरवला, भरली वांगी, वरणभात, आणि मुलाच्या आवडीचं घरी कढवलेलं तूप. "एकदा खाऊ दे त्याला. आईचा हात अजून चालतो म्हणून स्वतःच सांगेल," म्हणाल्या. आणि शनिवारी सकाळी मी उठले ती शिंकतच. दुपारपर्यंत नाक ठार बंद. आलं लागेना की लसूण लागेना.

बाई कपाळाला हात लावून बसल्या. "आजच मुहूर्त मिळाला तुला? मॅचच्या दिवशी कॅप्टनचा पाय मुरगळावा तसं झालं हे." थोरल्यावर पातेलंभर पाणी उकळून, निलगिरीचे थेंब टाकून, त्यांनी माझं डोकं टॉवेलखाली कोंबलं. तोंड लालबुंद झालं. नाक उघडलं नाही. रविवार उजाडला तेव्हा त्या घरात माणसं दोन आणि चालू नाक एकही नाही.

मंडळी आली. मुलाने आल्या आल्या टीव्हीवर क्रिकेट लावलं, आवाज मोठा. इथेच बाईंचा चेहरा उतरला. वांगी आधीच झाली होती, पण लोणी नुकतंच धाकट्यावर चढवलेलं. तूप कढवायला दोन गोष्टी लागतात, नाक नाहीतर कान. कढताना ते तडतडतं, आणि झालं की एकदम गप्प होतं. त्या गप्प होण्याच्या आणि करपण्याच्या मध्ये फार वेळ नसतो. आणि टीव्हीवर वीसपंचवीस हजार माणसं बोंबलत होती.

बाई उठायला लागल्या की मुलगा त्यांचा हात धरून खाली बसवायचा. "बस गं आई. ती आहे ना आत. मी काय म्हणतो, ऐक." सून आत गेली होती. पोळ्यांचं निमित्त, असं मला वाटलं. मी दारात उभी. सुनेने मान वर करून हवेत जरासं हुंगलं. काही कळायच्या आत मी ओरडले, "साहेब आले!"

बाई ताडकन उठल्या. मुलगाही उठला. "कुठे? रविवारी?" त्याने बाहेरच्या दाराकडे बघून शर्टाचं वरचं बटण लावलं.

बाई आत धावल्या, पातेल्यात बघितलं. तूप नुकतंच तडतडायला लागलेलं, पांढरा फेस. काहीही करपत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पी.टी.च्या तासाला मुली का रडायच्या ते मला कळलं.

"आले होते," मी मुलाला म्हटलं. "म्हणजे काल. काल आले होते. रजेवरून."

"तुम्ही फार टेन्शन घेता हो," तो म्हणाला आणि आईला पुन्हा खाली बसवलं. "आई, तुझं वय झालंय. इथे एकटी गॅसशी खेळतेस. काल पेपरात सिलिंडरच्या स्फोटाचं वाचलंस ना तू? मला झोप लागत नाही गं."

तो खरंच कासावीस होऊन बोलत होता. त्यामुळे त्याचा रागही करता येईना. बाई त्याच्याकडे बघत होत्या, पण कान आत. टीव्हीवर कोणीतरी सिक्सर मारला. बाई म्हणाल्या, "आवाज कमी कर." तो म्हणाला, "आई, शेवटच्या ओव्हर आहेत." बाई म्हणाल्या, "कमी कर म्हणते ना." तो म्हणाला, "हो, एक मिनिट."

बाई उठल्या. स्वयंपाकघराच्या दारातून हात घालून खिळ्यावरची शिट्टी काढली आणि जीव खाऊन फुंकली.

आयुष्यात मी तशी शिट्टी ऐकली नाही. टीव्ही मुलाने घाबरून बंद केला. वरच्या मजल्यावरचा बंद झाला, खालचाही. जिन्यात खेळणारी पोरं पुतळ्यासारखी उभी राहिली. त्या शांततेत बाईंनी मान वाकडी करून कान दिला. आतून काही तडतड नाही. "तूप झालं," बाई म्हणाल्या. "उतरव!"

"उतरवलं हो आई," आतून सून म्हणाली.

तूप काय झालेलं! बदामी, रवाळ, तळाला बेरी सोनेरी. मुलाने वरणभातावर तीन वेळा घेतलं. वांगी खाल्ली, बोटं चाटली, आणि घर विकायचा विषय काढायलाच विसरला. शेवटी जरा ओशाळून म्हणाला, "आई, तू अजून ठणठणीत आहेस. फक्त ती शिट्टी नको वाजवू, बीपी वाढतं माझं." बाईंनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी मनातल्या मनात उड्या मारल्या.

जेवणं झाल्यावर भांडी घासायला मी आणि सून मोरीत. ही सून बोलायला कमी, बघायला फार. तिने नळ मोठा सोडला आणि खालच्या आवाजात विचारलं, "तुझं नाक आज बंद आहे ना?"

"हो. सर्दी झालीय."

"आणि त्यांचं?"

माझ्या हातातला डाव मोरीत पडला.

"घाबरू नको," ती म्हणाली. "मला केव्हाचं माहितीय. मागच्या गणपतीत आमच्याकडे कपाटामागे उंदीर मेलेला. आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून घरभर शोधतोय, आणि या त्याच कपाटाला टेकून मजेत मोदक वळतायत." तिने डाव उचलून विसळला. "आणि तुझं साहेब आले साहेब आले! आज तूप गप्प झालं ना, तेव्हाच मी गॅस बंद केलेला. शिट्टी त्याच्यानंतर वाजली."

मी विचारलं, "मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही? तुमच्या मिस्टरांना?"

"वेडी आहेस का?" तिने दाराकडे बघितलं. "सांगितलं की हे त्याच दिवशी त्यांना उचलून आणतील. मग माझ्या ओट्याशी थोरला कोण आणि धाकटा कोण हे कोण ठरवणार? मी आत्ता तीन बर्नरची शेगडी घेतलीय. तिन्ही माझे आहेत. त्यांचे दोन त्यांच्याकडे सुखात राहू देत." मग म्हणाली, "त्यांनाही तेच हवंय ना? मग झालं तर. तुझं लग्नबिग्न ठरतंय का कुठे?"

"नाही अजून."

"घाई करू नको. आणि गेलीसच तर आधी दुसरी नाकवाली बघून दे."

बाईंना मी हे सांगितलं नाही. त्यांच्या शिट्टीचा विजय त्यांच्याकडेच राहू दिला. पुढे कितीतरी दिवस त्या तो सामना मला पहिल्यापासून सांगायच्या.

लग्न ठरलं तेही शेगडीवरच. घरची माणसं लांब, त्यामुळे मुलगे बघायचे बाईंच्या घरी. बाई प्रत्येकाला चहा करायला लावायच्या. पहिला फार शिकलेला होता. त्याने आधी बटण फिरवलं आणि मग काडेपेटी शोधायला लागला. बाईंनी हात धरून त्याला बाहेर काढला. दुसऱ्याने दोन कपांचं पातेलं थोरल्यावर ठेवून जाळ मोठा केला. तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "हा पगार पण असाच उडवणार." तिसरा ओट्याशी जाऊन उभा राहिला, दोन्ही बर्नर बघितले आणि विचारलं, "किती कप?" बाई तिथल्या तिथे म्हणाल्या, "हा चालेल." मला विचारलंच नाही. मलाही तो चालणारच होता, ते सोडा.

मी ठाण्याला संसार थाटला. माझ्या जागी बाईंनी दुसरी मुलगी ठेवली, मग तिसरी. सगळ्या दारातल्या फटीतून पास झालेल्या. मी अधूनमधून जायचे तेव्हा नव्या मुलीला समजवायचे की कटकट वाटली तरी नीट सांगत जा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला एका सकाळी बाईंचा फोन आला. तोवर घरोघरी फोन आलेले. बाई नेहमीपेक्षाही मोठ्याने बोलत होत्या.

"धाकटा बोलेनासा झालाय."

"कचरा असेल भोकांत," मी म्हटलं.

"चिंचेत घातला. सुई फिरवली. परत लावला. ज्योत आहे, निळीशार आहे. पण आवाज नाही." मग पुढे म्हणाल्या, "थोरलाही बोलत नाही. मग कुकर लावून बघितला. त्याची शिट्टी लांबून कुठून तरी आल्यासारखी आली. म्हणजे बर्नर ठीक आहेत."

मी म्हटलं, "मी येऊ का?"

"काय?"

"येऊ का म्हटलं!"

"नको. मीच मुलाला फोन केला, ये म्हणून सांगितलं. त्याने मला नेलं असं नाही हं, मी जातेय. नाक गेलं तेव्हा कान होते. आता मी हट्ट केला तर खालच्यांनासुद्धा घेऊन जाईन." मग म्हणाल्या, "रेग्युलेटर बंद केला आत्ता. विश्राम." आणि फोन ठेवला. मी रिसीव्हर हातात धरून स्वयंपाकघरात गेले आणि माझा चालू गॅस बंद केला, का ते माहीत नाही.

त्यांना भेटायला बाळकुमला जायचं मी टाळतच राहिले. तिथे काय बघायला मिळेल याची भीती वाटायची. तीन बर्नर, मालकीण एक, आणि स्टुलावर मटार सोलणाऱ्या बाई. शेवटी नवरा म्हणाला, "जाऊन ये एकदा. नुसती बाईंची आठवण काढून रोज मला 'किती कप?' विचारत बसू नकोस." गेले. लिफ्टमधून बाहेर पडले तोच लोणी कढत असल्याचा वास आला आणि पाठोपाठ बोंबाबोंब. म्हटलं, झालं, जुंपली दोघींची.

दार लोटलेलंच होतं. आत स्वयंपाकघरात स्टुलावर बाई बसलेल्या, अगदी ओट्याला खेटून. मटार कुठेच नव्हते. शेगडीच्या सर्वांत छोट्या बर्नरवर पातेलं, आणि सून त्यांच्या कानाशी वाकून बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "आई! आता खमंग सुटलाय! कालच्यापेक्षा छान!"

"रंग?" बाई म्हणाल्या.

"तुम्हीच बघा ना! बदामी!"

"आवाज?"

"थांबत आलाय!"

"मग बारीक कर. ओरडतेस कशाला?"

सुनेने गॅस बारीक केला. मला दारात बघून ती जराशी लाजली. "धाकटा दिला त्यांना," ती म्हणाली. "बाकीचे दोन माझेच आहेत."

खिळ्याला शिट्टी टांगलेली होती. बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. पुष्कळ वाळल्या होत्या. नाव घेतलं नाही, कशी आहेस विचारलं नाही, बस म्हटलं नाही. डोळे मिटले आणि कान माझ्याकडे केला.

"काय शिजतंय?"

मी पर्स खाली टाकली, त्यांच्या कानाशी वाकले आणि अख्ख्या बाळकुमला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला सुरुवात केली, की तूप आहे, गाईच्या लोण्याचं आहे, बेरी आत्ता कुठे तांबूस व्हायला लागलीय, शेजारच्या घरी कोणीतरी सुके बोंबील भाजतंय, आणि तिकडे कुकरमध्ये डाळीत हिंग आहे.

"विड्याचं पान घातलंय तुपात, ते राहिलं!" मागून सून ओरडली.

"ते मुद्दामच शेवटी ठेवलं होतं," मी म्हटलं, आणि तेही सांगितलं.